नळी निघाली, पण ताप जाईना

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील एका वाचकाचे पत्र:

«माझ्या बाबांचे वय ६८ असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. सात आठवड्यांपूर्वी नागपूरच्या एका रुग्णालयात शासकीय योजनेतून त्यांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. चौदाव्या दिवशी लघवीची नळी काढली. चार-पाच दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी तीन दिवस सुया दिल्या आणि ताप उतरला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच झाले, पुन्हा सुया, पुन्हा आराम. मधल्या काळात मेडिकलवाल्याने जळजळीसाठी कॅप्सूल दिल्या. आता चार दिवसांपासून संध्याकाळी अंग तापते, ओटीपोटाखालच्या हाडावर व जांघेत दुखते, ते पाय फाकवून चालतात आणि उजवा पाय थोडा सुजल्यासारखा वाटतो. सहाव्या आठवड्यातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) ०.१ पेक्षा कमी आला आहे. बाबा आजकाल पाणी कमी पितात. ते म्हणतात, कपाशीची वेचणी झाल्याशिवाय नागपूरला येणार नाही. खर्चाचीही थोडी चिंता आहे. कर्करोग परत आला असेल का? शस्त्रक्रियेत काही चुकले का? घरातल्या लहान लेकरांना हा संसर्ग लागेल का?»

उत्तर:

आपले पत्र मिळाले त्याच दिवशी दूरध्वनीवर जे सांगितले, तेच येथेही सर्वांत आधी लिहितो. बाबांची तपासणी वेचणीसाठी थांबवू नका. काही आठवड्यांत तीनदा आलेला ताप म्हणजे तीन वेगळे आजार नव्हेत. बहुधा एकच संसर्ग पूर्ण बरा न होता दर वेळी दबून राहिला आहे, आणि आता त्याला हाडाच्या दुखण्याची व एका पायाच्या सुजेची जोड मिळाली आहे. मला तापापेक्षा या दोन गोष्टींची काळजी अधिक वाटते.

कर्करोगाबद्दलची आपली भीती मात्र बाजूला ठेवता येईल. प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर रक्तातला पीएसए साधारण सहा आठवड्यांत मोजता न येण्याइतका खाली यावा लागतो आणि बाबांचा तसा आला आहे. पुढे तो वाढत जाऊन ०.२ किंवा त्याच्या वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच राहिला, तर कर्करोग परतल्याचा विचार केला जातो. ग्रंथी जागेवर असताना लघवीच्या संसर्गाने हा आकडा फुगतो, ती काढल्यानंतर सहसा फुगत नाही. म्हणून सध्याच्या तापाचा आणि त्या आकड्याचा संबंध जोडू नका.

मग हा ताप कशाचा? या शस्त्रक्रियेत प्रोस्टेट आणि तिच्या मागच्या वीर्यपिशव्या काढून मूत्राशयाचे तोंड खालच्या मूत्रमार्गाला टाके घालून जोडतात आणि तो जोड सांधेपर्यंत, म्हणजे बहुतेकांत एक ते दोन आठवडे, लघवीची नळी ठेवतात. नळी म्हणजे जंतूंना बाहेरून आत जायला मिळालेली वाटच असते. ती आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात, म्हणजे दोन आठवड्यांनी अनेकांच्या लघवीत ते असतात. त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही आणि केवळ जंतू सापडले म्हणून प्रतिजैविक देऊही नये. पण मधुमेह असेल, किंवा लघवी पूर्ण बाहेर न पडता मूत्राशयात साचून राहत असेल, तर तेच जंतू रक्तापर्यंत पोहोचतात आणि हुडहुडी भरून ताप येतो. बाबांचा पहिला ताप बहुधा असाच आला असावा.

तो परत परत का आला, याचे उत्तर शोधताना बाबांना एक साधा प्रश्न विचारा: लघवीची धार नळी काढल्यानंतरच्या पहिल्या दिवसांपेक्षा बारीक झाली आहे का, जोर करावा लागतो का? जोडाच्या जागी व्रण आकसून वाट अरुंद होण्याचा प्रकार या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत होतो. तसे असेल तर मूत्राशयात लघवी मागे उरते आणि कितीही सुया दिल्या तरी संसर्ग पुन्हा उभा राहतो. लघवी केल्यानंतर सोनोग्राफीत मागे उरलेली लघवी मोजता येते. ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते.

जांघेतले दुखणे आणि पायाची सूज यांसाठी डिस्चार्ज कार्ड बाहेर काढा. त्यावर ‘पेल्व्हिक लिम्फ नोड डिसेक्शन’ असे लिहिले असेल, तर ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही काढल्या आहेत. त्या काढल्यावर कापल्या गेलेल्या बारीक वाहिन्यांतून झिरपणारा द्रव काही जणांत एका जागी साचतो. त्याला लिम्फोसील म्हणतात. बहुतेक लिम्फोसील काही त्रास न देता आपोआप जिरतात. पण त्यात जंतू शिरले तर शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवड्यांनीही ताप, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवीला लागणे सुरू होते, आणि साचलेल्या द्रवाचा दाब शेजारच्या शिरेवर पडून त्या बाजूचा पाय सुजतो. असा पू भरलेला साठा नुसत्या प्रतिजैविकाने सहसा बरा होत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने त्वचेतून बारीक नळी घालून तो काढावा लागतो. नेमके येथेच सुया फसव्या ठरतात, कारण त्यांनी ताप दोन-चार दिवस उतरतो आणि आतला साठा तसाच राहतो.

एका पायाच्या सुजेचे दुसरे कारण संसर्गाचे नाही, पण अधिक तातडीचे आहे. कर्करोग, मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर खाटेवर पडून राहणे, या तिन्ही गोष्टींनी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) पहिल्याच दिवशी करून घ्या. तोवर तो पाय चोळू नका, तेल लावून दाबू नका. मालिश करणारा कितीही अनुभवी असला तरी त्याला या वेळी नाही म्हणा.

तिसरी शक्यता दुर्मिळ आहे, पण आपल्या पत्रातले वर्णन वाचून मला ती सोडता येत नाही. लिंगाच्या वर हाताला लागणारे जे जघनाचे हाड असते, त्याला आणि त्याच्या मधल्या सांध्याला या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, संसर्ग होऊ शकतो. पूर्वी किरणोपचार झालेल्यांत तो अधिक दिसतो. रुग्ण पाय फाकवून, छोटी पावले टाकत चालतो, मांड्या जवळ आणताना कळ येते, बसल्यावरून उठताना तोंड वाकडे होते. ताप कधी असतो, कधी नसतोही. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून ‘वयाचे दुखणे आहे’, ‘कंबरेची नस दबली आहे’ असे सांगून वेदनाशामकांवर महिने निघून जातात. एमआरआयमध्ये मात्र हे लवकर दिसते. हाडात संसर्ग निघाला तर प्रतिजैविक साधारण सहा आठवडे द्यावे लागते आणि कोणते द्यायचे हे जंतू ओळखल्याशिवाय ठरवू नये.

याशिवाय वृषणाच्या मागच्या नळीला सूज येऊन अंडकोष दुखणे व लालसर होणे हाही या शस्त्रक्रियेनंतरचा ओळखीचा प्रकार आहे. बाबा संकोचाने सांगणार नाहीत, आपण विचारा.

आता सुयांविषयी. गावातल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. रात्री हुडहुडी भरलेल्या माणसाला तेच भेटतात आणि तेवढ्या वेळेपुरता त्यांचा आधारही खरा असतो. पण तपासणी न करता तीन दिवस प्रतिजैविक देऊन थांबवणे या रुग्णात धोक्याचे आहे, कारण त्यामुळे जंतू अर्धवट मरतात, उरलेले औषधाला सरावतात आणि नंतर कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) केले तरी त्यात अनेकदा काही उगवत नाही, म्हणजे नेमके औषध निवडायची संधीच हातची जाते. आपल्या देशात लघवीच्या संसर्गातला सर्वांत नेहमीचा जंतू, ई. कोलाय, अनेक प्रचलित प्रतिजैविकांना दाद देत नाही, त्यामुळे अंदाजाने दिलेले औषध चुकण्याची शक्यता मोठी असते. काही ठिकाणी तापाच्या सुईसोबत स्टेरॉइडही दिले जाते. त्याने रुग्णाला काही तासांत बरे वाटते, पण साखर भडकते आणि संसर्ग झाकला जातो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक सुया मधुमेही, वयस्क आणि पाणी कमी प्यायलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. त्या डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही वेळच्या सुयांची नावे कागदावर लिहून घ्या. भांडायला जाऊ नका. नागपूरच्या डॉक्टरांना ती नावे लागतील एवढेच सांगा.

मेडिकलवाल्याने दिलेल्या कॅप्सूल नायट्रोफ्युरॅन्टॉइनच्या असाव्यात असे आपल्या वर्णनावरून वाटते. ते औषध मूत्राशयातल्या साध्या जळजळीला चांगले आहे, पण रक्तात आणि ऊतींमध्ये त्याची पुरेशी मात्रा पोहोचत नाही. ताप असेल, वृषण किंवा हाड दुखत असेल, तर त्याचा उपयोग नाही, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते देऊही नये.

म्हणून क्रम असा हवा: आधी नमुना, मग औषध. लघवीचा नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्या. लिंगाचे टोक पाण्याने धुऊन पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. घरून न्यायचा असेल तर दोन तासांच्या आत पोहोचला पाहिजे, कारण आपल्याकडच्या उन्हात पिशवीत पडून राहिलेल्या डबीत जंतू मोजण्यापलीकडे वाढतात आणि अहवाल दिशाभूल करतो. अंगात ताप असताना रक्ताचेही कल्चर घ्यावे. त्यासोबत रक्तातील पेशी, सीआरपी (संसर्ग-सुजेची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर, पोटाची सोनोग्राफी आणि पायाचे डॉपलर. सीटी किंवा एमआरआय लागेल की नाही हे त्यानंतर ठरेल. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. रुग्ण फार आजारी असेल तर नमुने घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर बदलतात. अहवालाची वाट पाहत त्याला विनाऔषध ठेवत नाहीत.

हे सगळे नागपूरलाच झाले पाहिजे असे नाही. आपल्याला यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि पुढे वर्ध्याजवळ सेवाग्राम व सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत. माझा सल्ला असा की ज्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केली त्यांना आजच दूरध्वनी करावा, सगळी लक्षणे सांगावीत आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या तपासण्या यवतमाळला कराव्यात. जोडाची दुरुस्ती किंवा साठा काढायची वेळ आली तर मात्र त्यांच्याकडेच जाणे चांगले, कारण आत काय केले आहे हे त्यांनाच ठाऊक आहे.

‘नागपूरच गाठायचे’ हा हट्ट एका परिस्थितीत जिवावर बेततो, आणि ती नीट लक्षात ठेवा. बाबा बरळू लागले किंवा सुस्त पडले, श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त होऊ लागला, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली गेला, हातपाय गार पडले, लघवी बंद झाली, किंवा अचानक धाप लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सर्वांत जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. रक्तात पसरलेल्या संसर्गात पहिली सलाइन आणि पहिले प्रतिजैविक किती लवकर मिळाले यावर पुष्कळ काही अवलंबून असते आणि ते तेथे सुरू होऊ शकते. नागपूरचा चार तासांचा रस्ता त्यानंतर. अंडकोषाच्या किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेवर काळसर-निळा डाग दिसला आणि वेदना दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फार जास्त असेल, तरीही असेच करा. मधुमेहींमध्ये हा संसर्ग काही तासांत पसरतो. लघवीतून हवा किंवा विष्ठेसारखे काही येत असेल तर शल्यचिकित्सकांना त्याच दिवशी कळवा, कारण त्याचा अर्थ मूत्रमार्ग आणि गुदाशय यांच्यामध्ये वाट पडली असावी.

बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाने सोबत न्या. त्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर डॉक्टरांच्या नजरेस मुद्दाम आणून द्या. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियावर बुरशीचा संसर्ग वाढतो आणि माणूस आजारी असून जेवत नसेल तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. संसर्ग असेपर्यंत त्या थांबवून इन्सुलिन द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील.

पत्रात आपण एक वाक्य ओझरते लिहिले आहे की बाबा आजकाल पाणी कमी पितात. मला ते महत्त्वाचे वाटते. नळी काढल्यानंतर बहुतेक पुरुषांना काही आठवडे ते काही महिने नकळत लघवी गळते, खोकताना आणि उठताना विशेष. ज्या माणसाने जन्मभर चारचौघांत बैठक मारली, त्याला धोतराला वास येईल या भीतीने पाणीच सोडून द्यावेसे वाटते. परिणामी लघवी घट्ट होते, मूत्राशय नीट धुतले जात नाही आणि संसर्गाला बळ मिळते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव पोटात गेले पाहिजे. ताक आणि जवाचे पाणी चालेल. गोखरूचा काढा मात्र सध्या राहू द्या, कारण निदान व्हायच्या आत आणखी एक औषध मध्ये नको. गळतीसाठी जुन्या लुगड्याची घडी वापरत असाल तर ती ओली होताच बदलावी आणि धुऊन कडक उन्हात वाळवावी. रात्री विकतचा डायपर वापरायला हरकत नाही, पण जांघेतली त्वचा दोन वेळा धुऊन कोरडी ठेवावी, अन्यथा तेथे बुरशी होते आणि खाजवून जखम. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम गळतीवर उपयोगी आहे, मात्र हाडाच्या दुखण्याचे कारण कळेपर्यंत तो थांबवावा. ही सगळी चर्चा मुलाने सुनेसमोर काढली तर बाबा उठून जातील. ती आपण आणि बाबा दोघेच असताना करा आणि दवाखान्यात डॉक्टरांना त्यांच्याशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्या.

लेकरांची काळजी करू नका. हा संसर्ग शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा नातवाला मांडीवर घेतल्याने लागत नाही, कर्करोग तर नाहीच. लघवीचे कापड हाताळल्यावर साबणाने हात धुणे पुरे आहे. शस्त्रक्रियेत काही चुकले का, या प्रश्नाला पत्रावरून उत्तर देता येत नाही. संसर्ग ही या शस्त्रक्रियेची ओळखीची गुंतागुंत आहे, ती झाली म्हणून निष्काळजीपणा झाला असे ठरत नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागण्याचा मात्र आपल्याला अधिकार आहे आणि पुढच्या उपचारालाही ती लागेल.

ज्या वाचकांच्या घरी अशा रुग्णाची नळी अजून आत आहे, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी. एसटीत वरच्या रॅकवर किंवा बाजेच्या डोक्याकडे टांगलेल्या पिशवीतली लघवी उलटी आत जाते. ती जमिनीवरही टेकू देऊ नये आणि दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडू नये. नळी मांडीला चिकटपट्टीने नीट बांधावी आणि लिंगाचे टोक रोज साध्या साबणपाण्याने धुवावे, त्यावर पावडर किंवा मलम लावू नये. एनिमा देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळी तुंबली किंवा निसटली तर कंपाउंडरकडून दुसरी घालून घेऊ नये. इतर वेळी ते साधे काम असेल, पण या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आंधळेपणाने घातलेली नळी ताजा जोड फाडू शकते. आधी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी करावा.

खर्चाचा मुद्दा आपण संकोचाने लिहिला आहे. बाबांची शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल, तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून दोन गोष्टी विचारा: या गुंतागुंतीचा उपचार आधीच्या मंजुरीत बसतो का, आणि बसत नसेल तर नव्याने मंजुरी मागता येते का. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड, डिस्चार्ज कार्ड, पीएसएचा अहवाल, सुयांची नावे लिहिलेला कागद आणि गोळ्यांची पाने एकाच पिशवीत ठेवा, आणि मधल्या दिवसांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजून त्याच कागदाच्या मागे वेळेसह लिहीत जा. निघायच्या सकाळी बाबांना नवीन कोणतेही प्रतिजैविक देऊ नका. नमुना घेतल्यावर डॉक्टर ते सुरू करतील.